चंद्रमोहोर

तोडणीच्या अर्जावर एकूण सहा प्रश्न होते. घरमालकाचं नाव, झाडाची उंची, बुंध्याचा घेर, हे सगळं अंबादास येमूल अंगणात उभ्या उभ्या स्वतःच भरून टाकत. चौथा प्रश्न मात्र घरातल्या माणसालाच विचारावा लागे, आणि तो विचारायच्या आधी ते चपला काढत.

"झाडात कोणी आहे का?"

अंबेकोटमध्ये या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नसे. त्या सकाळी पहिल्या घरातला तरुण दाढी करता करता बाहेर आला आणि म्हणाला, "नाही हो कोणी. आम्ही गेल्या वर्षीच राहायला आलोय. पाडून टाका." पंधरा मिनिटांत करवत लागली. पांढऱ्या मोहोराने लगडलेलं वीस फुटी झाड दोरावर झुकलं आणि गल्लीत आडवं झालं. पालिकेच्या गाडीत फांद्या भरल्या गेल्या.

दुसऱ्या घरातली बाई दारातच उभी होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "सासरे आहेत."

"कुठल्या बाजूला?"

"सगळीकडेच येतात. पण न्हाणीकडच्या फांद्यांना जास्त."

येमूल झाडाखाली गेले, डोळे मिटले आणि एक फांदी नाकाशी धरली. तपकीर, ओली लोकर आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला येतो तसा जुन्या कागदासारखा वास. खोटं बोलत नव्हती बाई. त्यांनी पिशवीतून चुन्याचा डबा काढला आणि बुंध्यावर हातभर उंचीला चार बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला. पट्टा मारलेल्या झाडाला करवत लावायची नाही, असा पालिकेचा नियम होता. सात वर्षांपूर्वी, ही झाडं गावचं पाणी ओढतात म्हणून तोडणी नुकतीच सुरू झालेली असताना, एक बाई आपल्या आईच्या झाडाला मिठी मारून बसली होती आणि करवतीखाली तिची तीन बोटं गेली. त्यानंतर अर्जावर हा चौथा प्रश्न आला.

पट्टा मारायचं काम येमूलांनी मागून घेतलं होतं. त्यांना ते देणं वाटत होतं, कारण अंबेकोटमध्ये चंद्रमोहोर आणला तो त्यांनीच.

अंबेकोट हे सोलापूरच्या पूर्वेला, उन्हाने भाजलेल्या माळावरचं यंत्रमागांचं गाव. तीस वर्षांपूर्वी तिथे कडुनिंब आणि बाभळीखेरीज झाड म्हणून काही नव्हतं. गावाबाहेर नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या, बंगल्यांना फाटकं आली आणि फाटकाशेजारी काहीतरी देखणं हवं, असं लोकांना वाटू लागलं. येमूलांची तेव्हा नुकती सुरू झालेली रोपवाटिका होती. बंगळूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी हे झाड पाहिलं. पानं रुपेरी, मोहोर दुधासारखा पांढरा, वर्षातून तीनदा फुलणारा, आणि पाणी घातलं नाही तरी तगणारं. पण त्याची खरी किमया वेगळीच होती. ते वास शिकायचं.

झाडाच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. हवेतून तरंगत येणारे वासाचे रेणू त्या मेणात अडकतात. एवढं कुठल्याही झाडात थोडंफार घडतंच. चंद्रमोहोर घडवणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींत एक जास्तीची सोय करून ठेवली होती. मेणात कुठले रेणू पुन्हा पुन्हा येतात याची खूण पेशींनी राखायची आणि मोहोर धरला की नेमके तेच रेणू फुलांत तयार करायचे. या प्रकाराला त्यांनी 'गंधशिक्षण' असं नाव दिलं होतं. रोप लहान असताना त्याच्या शेजारी तीन महिने मोगरा ठेवला, की ते झाड वर्षानुवर्षं मोगऱ्यासारखं दरवळे, दुसरा एखादा वास तितकाच काळ जवळ येऊन बसेपर्यंत. कुणी केवडा सांगे, कुणी चंदन. एका हलवायाने तर खव्याच्या वासाचं झाड करून घेतलं होतं.

शिवाय झाड वांझ होतं. सगळी रोपं एकाच मूळ झाडाची कलमं. चंद्रमोहोर स्वतःच्या परागाने फळत नसे, आणि शेजारचं झाड म्हणजे पुन्हा तेच झाड, त्यामुळे तेही उपयोगाचं नाही. बी नाही म्हणजे रानभर पसरण्याची भीती नाही. सगळं कसं चोख होतं.

मग येमूलांच्या गिऱ्हाइकांना पांढऱ्याचा कंटाळा आला. त्यांनी दुसऱ्या एका कंपनीकडून गुलाबी मोहोराची जात मागवली. तीही वांझच होती. पण तिचं मूळ झाड निराळं होतं. पांढऱ्याचा पराग गुलाबीवर पडला, गुलाबीचा पांढऱ्यावर, आणि तिसऱ्या वर्षी फांद्यांना मिरीएवढी काळी फळं लोंबू लागली. बुलबुलांनी आणि साळुंक्यांनी ती गावभर नेली. गटाराच्या कडेला, मागांच्या शेडमागे, देवळाच्या भिंतीत, जिथे तिथे रोपं उगवू लागली. या आपोआप उगवलेल्या रोपांच्या शेजारी मोगरा ठेवायला कुणी नव्हतं. त्यांच्या आसपास होती ती माणसं. ती माणसांचा वास शिकली.

बरीच वर्षं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. घरातल्या माणसाच्या वासाला आपलं नाक इतकं सरावलेलं असतं, की तो वास आहे हेच आपल्याला कळत नाही. माणूस गेलं, कपडे वाटून टाकले, अंथरूण धुतलं, की तो वास घरातून सरतो. आणि मग एका सकाळी अंगणात मोहोर फुलतो.

येमूलांच्या घरी त्यांची बायको पद्मावती फुलली त्याला आता सहा वर्षं झाली होती.

ती मागावर खळ लावायचं काम करी. चाळीस वर्षं सुताला खळ लावून तिच्या हातांना आंबूस पिठाचा वास लागला होता. त्यात शिकेकाई आणि मानेच्या मागच्या घामाचा तो एक वास, ज्याला नाव नाही. खोकून खोकून ती गेली. यंत्रमागाच्या गावात कापसाची पिंज फुप्फुसात जाऊन माणसं जातात, तशीच तीही गेली असं सगळे म्हणाले. तिसऱ्या महिन्यात धुण्याच्या दगडाजवळ उगवलेल्या झाडाला मोहोर आला. येमूल तोंड धुवायला बाहेर आले आणि हातात तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. त्यांची मुलगी लावण्या आतून धावत आली. दोघं बापलेक ओल्या दगडावर बसले आणि ऊन अंगावर येईपर्यंत उठले नाहीत.

लावण्या आता चौतिशीची होती. पालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. घरी तेलुगू बोलत असल्यामुळे ती वडिलांना नान्ना म्हणे. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे येमूलांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी शाळेतून आली की ती झाडाखालीच वह्या तपासायची. दिवाळीपासून तिला खोकला लागला होता.

"खडू सोड आता, ते पांढरे फळे वापर," येमूल म्हणत.

"खडू कधीच गेले, नान्ना. आता सगळं पडद्यावर असतं," ती हसून म्हणे आणि पुन्हा खोके.

डॉ. रेणुका ओहोळ जानेवारीत आल्या. परागकणांचा अभ्यास करणाऱ्या, पन्नाशीच्या, सडसडीत बाई. चंद्रमोहोर कूपनलिकांचं पाणी किती ओढतो आणि त्याच्या सावलीत कडुनिंब का मरतो, हे पाहायला त्यांना पाठवलं होतं. येमूलांना गावातलं प्रत्येक झाड ठाऊक, म्हणून पालिकेने त्यांना डॉक्टरांबरोबर दिलं. डॉक्टर घरोघरी झाडाच्या फांदीला तेलाचा हात दिलेली काचपट्टी टांगून ठेवत आणि आठवड्याने काढून नेत. पाण्याच्या जुन्या टाकीखालच्या खोलीत त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला होता. पहिल्या महिन्यात त्या भरपूर बोलत. नंतर नंतर गप्प होत गेल्या. घरात शेवटचं कोण गेलं, कशाने गेलं, मागावर काम करत होतं का, असे प्रश्न त्या लोकांना विचारू लागल्या. त्यांचा पाण्याशी काय संबंध, हे येमूलांना कळेना.

मार्चमधल्या एका दुपारी त्यांनी येमूलांना खोलीत बोलावलं.

"काका, बसा. यात बघा जरा."

येमूलांनी चष्मा वर सरकवून डोळा लावला. पिवळसर, गुळगुळीत गोळे दिसले, राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे.

"हा तुम्ही स्वतः लावलेल्या जुन्या झाडांचा पराग. आणि आता हा बघा." त्यांनी पट्टी बदलली. "हा चुन्याचा पट्टा असलेल्या झाडाचा."

हे दाणे लहान होते. अंगभर बारीक वाकडे आकडे.

"याला काटे आहेत," येमूल म्हणाले.

"आकडे आहेत, आणि त्यावर मेणाचं कवच. साधा पराग नाकातल्या ओलीला चिकटतो, शिंक येते आणि संपतं. हा चिकटत नाही. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथे रुतून बसतो. भोवती गाठ धरते. अशा लाखो गाठी झाल्या की पाच-सहा वर्षांत फुप्फुस वाळल्या दुधी भोपळ्यासारखं होतं."

"आमच्या गावात ते सगळ्यांचंच होतं, बाई. पिंज उडते."

"मीही तेच धरून चालले होते. पण गेल्या दहा वर्षांत या आजाराने गेलेली निम्मी माणसं मागाच्या शेडमध्ये कधी शिरलीसुद्धा नव्हती. शिक्षक होते, वाणी होते, घरी बसणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. त्यांच्यात सारखं एवढंच होतं की अंगणात झाड होतं."

येमूल म्हणाले, "म्हणजे झाड माणसं मारायला शिकलं म्हणता?"

"नाही, काका. शिकतं ते फक्त वास. हे त्याच्या गावीही नाही. झाडाला हेतू नसतो." डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "असं बघा. कलम केलेली झाडं सगळी एकसारखी. पण बियांपासून आलेलं प्रत्येक झाड थोडं वेगळं निघतं. कुणाचं पान लांब, कुणाचा मोहोर विरळ. तसा शंभरातल्या एखाद्याचा पराग आकड्यांचा निघाला. निव्वळ योगायोगाने. त्या झाडाच्या घरात चार वर्षांनी कुणीतरी गेलं. शेजारच्या घरात साध्या परागाचं झाड होतं, तिथे कुणी गेलं नाही. मग पालिकेची माणसं आली. त्यांनी दोन्ही घरांत विचारलं..."

त्या मध्येच थांबल्या.

"झाडात कोणी आहे का," येमूल म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली.

"आणि मी पट्टा मारला."

"तुम्हाला काय माहीत असणार होतं? मला तरी कुठे माहीत होतं? पण झालं ते असं. ज्या झाडाने कुणाला मारलं नाही, ते तुटलं. ज्याने मारलं, ते राहिलं. राहिलेल्यांचं बी पडलं, त्यांची रोपं आली, तीन वर्षांत मोठी झाली. पुन्हा तोडणी, पुन्हा तीच चाळण. पहिल्या तोडणीच्या वेळी आकड्यांचा पराग शंभरात एखाद्या झाडाचा होता. दुसऱ्या तोडणीनंतर दहात एकाचा झाला. आज अंबेकोटमध्ये उभ्या असलेल्या दर तीन झाडांमधल्या दोनांचा आहे."

खोलीत टाकीतलं पाणी थेंबथेंब गळत होतं. टेबलावर काचपट्ट्यांचा लाकडी डबा होता, प्रत्येक पट्टीवर घराचा क्रमांक. येमूलांनी डब्यावरून बोट फिरवत नेलं आणि स्वतःच्या घराची, चारशे बारा क्रमांकाची पट्टी बाहेर काढली.

"काका, ती राहू द्या."

"तुम्ही बघितली आहे ना?"

"हो."

"मग मलाही बघू द्या."

त्यांनी स्वतःच पट्टी काचेखाली सरकवली. बराच वेळ डोळा काढला नाही. मग चष्मा खाली घेतला, तो धोतराच्या सोग्याने पुसला, परत चढवला, परत काढला.

"पोरगी खोकते," ते म्हणाले.

"म्हणूनच आज बोलावलं. तिला माझ्याकडे घेऊन या, तपासूया. दिवाळीपासूनच असेल तर अजून उशीर झालेला नाही. झाड गेलं तर शरीर बरंचसं सावरून घेतं."

"पद्मावतीलाही..." एवढंच म्हणून ते उठले. डॉक्टरांनी त्यांना फाटकापर्यंत सोबत केली.

संध्याकाळी लावण्या झाडाखाली वह्या घेऊन बसली होती. येमूल तिच्यासमोर धुण्याच्या दगडावर बसले आणि ऐकलं ते सगळं, एकही शब्द न गाळता, त्यांनी तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. लाल पेन हातात तसंच होतं.

"म्हणजे आईला यानेच नेलं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि यानेच ठेवलं."

वाऱ्याची झुळूक आली आणि अंगणात पद्मावतीचा वास भरून राहिला. आंबट खळ, शिकेकाई. गेली सहा वर्षं या झुळुकीची ते दिवसभर वाट पाहत. आज त्यांनी उपरणं नाकावर धरलं आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या पाडतो," ते म्हणाले.

"नको."

"लावण्या."

"मला खोकला चालेल, नान्ना."

"मला नाही चालणार."

"तुम्हाला काय, तुम्ही तिच्याबरोबर चाळीस वर्षं होतात. मला ती अशीच भेटली. जिवंत होती तेव्हा पहाटे मागावर जायची आणि रात्री खोकत यायची. माझ्याजवळ बसायला तिला वेळच कुठे होता? या झाडाखाली ती रोज बसते माझ्याजवळ." तिचा आवाज चढला आणि खोकल्याची उबळ आली. ती वाकून, गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिली. पद्मावती अशीच वाकायची. येमूलांनी ते पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे लावण्यालाही दिसलं. ती सावरून बसली. वह्या एकावर एक रचल्या.

"सकाळी पाडा," ती म्हणाली. "मी शाळेत गेल्यावर नको. मी घरी असताना पाडा."

सकाळी येमूलांनी पालिकेच्या माणसांना बोलावलं नाही. हातकरवत काढली. लावण्याने शेंड्याला दोर बांधला आणि दुसरं टोक कमरेला गुंडाळून ती भिंतीशी पाय रोवून उभी राहिली. करवत खोडात शिरली तसा चीक वाहू लागला आणि वास इतका दाट झाला, की येमूलांना वाटलं, मागे वळून पाहिलं तर ती पदर खोचून उभी असेल. ते वळले नाहीत. अर्ध्यावर आल्यावर ते दम घ्यायला थांबले तेव्हा लावण्याने विचारलं, "मी घेऊ का करवत?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि काम पुरं केलं. झाड पडलं. फांद्या गाडीतून गेल्या. बुंध्यात औषध घालून त्यांनी वर माती लोटली. दुपारपर्यंत अंगणात फक्त तापलेल्या फरशीचा वास उरला. लावण्या तीन दिवस जेवायला बसली ती ताटाकडे बघत. चौथ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचा खोकला थांबला.

डॉ. ओहोळांना वाटत होतं, एकदा खरं काय ते कळलं की लोक आठ दिवसांत झाडं पाडतील. पालिकेने सभागृहात सभा घेतली. परागाची चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवली, अर्जावरचा चौथा प्रश्न काढून टाकला, घरोघर पत्रकं वाटली. लोकांनी शांतपणे ऐकलं, पत्रकं घडी घालून खिशात ठेवली आणि घरी गेले. गावात पट्ट्याची तेवीसशे झाडं होती. महिनाभरात त्यातली दोनशेसुद्धा पडली नाहीत.

येमूल दारोदार फिरू लागले. आपल्या हातांनी मारलेले पट्टे आपल्याच हातांनी पुसायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणी म्हणे, पुढच्या मोहोरानंतर बघू. कुणी म्हणे, आमच्या घरी आता दोघंच आहोत, दोघंही म्हातारे. एका घरात मुलगा पाडा म्हणाला तर त्याची बहीण फाटकाला कुलूप लावून पायरीवर बसली. रागावलं मात्र कुणी नाही. सगळेजण त्यांना चहा विचारत. मग ऑगस्टमध्ये त्यांना एक नवीच गोष्ट दिसू लागली. अंगणांत, झाडांखाली, खाटा येऊ लागल्या.

"हे असं का करतायत?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं. त्या सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या होत्या, पण त्यात बघत नव्हत्या.

"आजारी माणसाला बाहेर निजवतात," येमूल म्हणाले. "झाडाला सवय व्हावी म्हणून."

"मी सांगितलं ते त्यांना पटलं नाही, असं मला वाटत होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना ते पुरतं पटलंय."

नरसय्या कोंडा हा येमूलांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले. तो पुढे माग दुरुस्त करणारा जॉबर झाला, गावातला सगळ्यात हुशार. आता त्याला दम लागत होता. त्याच्या अंगणातल्या झाडात त्याची आई होती, आणि पाच वर्षांपूर्वी त्यावर पट्टा येमूलांनीच मारला होता. त्याच्याकडे जायचं येमूल टाळत आले होते. एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, करवत खांद्याला लावून, ते त्याच्या फाटकातून आत शिरले.

नरसय्या झाडाखाली खाटेवर उशीला टेकून बसला होता. नाकाला प्राणवायूची नळी. खाटेशेजारी यंत्र घुरघुरत होतं.

"ये अंबादास. करवत बाहेर ठेव आधी."

येमूलांनी करवत भिंतीला टेकवली. "नरसय्या, खाट आत घे."

"आत काय आहे?" तो थांबला, दम घेतला. "भिंती वास धरत नाहीत."

"हे झाड तुला खातंय. तुला सांगितलं ना डॉक्टरांनी?"

"सांगितलं. दोनदा येऊन गेल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या." पुन्हा दम. "मी काही आता बरा होणार नाही. पोरं तिकडे भिवंडीला. मी गेल्यावर राजव्वाने एकटीने या घरात काय करायचं? आई गेली, पण आहे ना इथे? तसा मीही राहीन."

"अजून दोन-तीन वर्षं काढशील, झाड गेलं तर."

"आणि नंतर? नुसता फोटो?" नरसय्या हसला आणि त्याचा हात येमूलांच्या मनगटावर आला. हात हलका होता, सुकलेल्या पानासारखा. "तुला सांगायचं राहून गेलं होतं. हे झाड या गावात तू आणलंस. आमच्यावर उपकार आहेत तुझे, अंबादास."

येमूलांनी हात सोडवून घेतला नाही. बसल्या जागी त्यांना यंत्राच्या तेलाचा आणि गणेश बिडीचा वास आला. नरसय्याचा वास. तो जवळच बसला होता, त्यात नवल काही नव्हतं. पण बिडी त्याने दोन वर्षांपूर्वी सोडली होती. आणि वारा खाटेकडून येत नव्हता, पलीकडून येत होता. येमूलांनी मान वर केली, डोक्यावरची फांदी खाली ओढली आणि मोहोर नाकाशी धरला. नरसय्याच्या आईचा कडुनिंबाच्या तेलाचा वास त्यात जेमतेम उरला होता. बाकी सगळा नरसय्या. त्याची धडधाकट असतानाची मान, मागाखाली सरपटून बाहेर येताना अंगाला लागलेलं वंगण, घाम. खाटेवरच्या माणसापेक्षा कितीतरी ठसठशीत. खाटेवरच्या माणसाला आता औषधांचाच वास येत होता.

"चहा घेशील ना?" नरसय्याने विचारलं आणि हाक मारली, "राजव्वा, अंबादास आलाय."

उत्तर आलं नाही. येमूलांनी वळून पाहिलं. राजव्वा घरात नव्हती. झाडाच्या पलीकडच्या अंगाला प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. खुर्ची खाटेकडे पाठ करून मांडलेली. डोळे मिटलेले, आणि मोहोराने भरलेली एक फांदी तिने दोन्ही हातांनी गालाशी धरली होती.

"वहिनी," येमूल म्हणाले.

"राजव्वा," नरसय्याने पुन्हा हाक मारली. त्याला उबळ आली. तो खोकत राहिला, नळी नाकातून निसटली, आणि खोकता खोकता त्याने तिसऱ्यांदा तिचं नाव घेतलं.

आता मात्र तिला ऐकू गेलं. तिचा चेहरा उजळला.

"अहो, काय म्हणताय?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायला फांदी आणखी जवळ ओढली.